वहिनी, तू काय ऐकत होतीस?

वहिनी, तेराव्याची माणसं जेवून गेल्यावर पल्लवीने तुझं कपाट उघडलं. कुठली साडी कोणाला द्यायची ते ठरवायचं होतं. मी म्हटलं, राहू दे दोन दिवस, पण तिला पुण्याला परत जायचं होतं आणि घाईच्या बाबतीत ती तुझीच लेक. खालच्या कप्प्यात, तुझ्या त्या राखाडी शालीच्या घडीत, एक छोटी निळी डबी निघाली. मला वाटलं कानातलं असेल. उघडली तर आत कानाची दोन यंत्रं. एकावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

पल्लवीने दादाकडे पाहिलं. दादाने खिडकीकडे.

"तिचंच," दादा म्हणाला. "सहा वर्षं झाली. डावा कान पूर्ण गेला होता. उजवाही अर्ध्याच्या वर गेलेला."

"कोणाचा कान?"

"मंजू, तुझ्या वहिनीचा. अजून कोणाचा?"

मला खरंच कळत नव्हतं. ऐकू कमी येणारं माणूस आपल्याला लांबूनही ओळखू येतं, मोठ्याने बोलतं, भलतंच उत्तर देतं. तू तशी कधीच वागली नाहीस. आणि सहा वर्षं म्हणजे सहा हिवाळे. त्या सहाही हिवाळ्यांत तू माझ्या शेजारी सतरंजीवर बसून गाणं ऐकलंस. ऐकलंस असं मी समजत होते. घाटावरच्या पहाटेच्या मैफली, गंगापूर रोडच्या मैदानावरचा तीन दिवसांचा महोत्सव, एकदा तर त्या द्राक्षबागेतला धांगडधिंगा. तू मान डोलावलीस, मतं दिलीस, माझ्याशी भांडलीस. मग ते काय होतं?

"मला का नाही सांगितलं?"

"तिने बजावलं होतं," दादा म्हणाला. "म्हणाली, मंजूला कळता कामा नये. कळलं तर ती मला गाण्याला नेणार नाही."

वहिनी, महिना झाला तुला जाऊन आणि मी या वाक्यापाशीच अडकून आहे. खोटं कशाला बोलू? नेलं नसतं मी कदाचित. प्रेमाने नेलं नसतं. 'कशाला तुला त्रास, थंडीत बसायचं आणि धड ऐकूही येत नाही,' असं म्हणून घरी बसवलं असतं, आणि वर आपण किती समजूतदार म्हणून स्वतःवर खूश झाले असते. हे तुला सहा वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. पण ऐकू येत नसताना तुला यायचं कशाला होतं, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा पल्लवी बालवाडीत होती. मी तेव्हा गाणं शिकत होते आणि मैफलीला सोबत मिळत नव्हती. दादाला विचारलं तर म्हणाला, उघड्यावर बसून सर्दी कोण घेणार. तू आतून कणीक मळता मळता म्हणालीस, "मी येते." आम्ही दोघं हसलो. दिंडोरीकडच्या मळ्यातून आलेली, भजनापलीकडे गाणं माहीत नसलेली तू. तरी आलीस. शाळेच्या मैदानावर मांडव होता, पुढे बैठक, मागे खुर्च्या. तू पुढे जाऊन बसलीस, डब्यातून भाकरी आणि ठेचा काढलास आणि शेजारच्या अनोळखी बाईंना आधी वाढलंस. मी लाजेने मेले. तासाभराने विलंबित ख्याल संपला तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं, कंटाळली असशील म्हणून. तू म्हणालीस, "शब्द नाय कळले, पण त्याची काय गरज नव्हती. नुसता आ लावतो तेच बरं वाटतं."

हे वाक्य मी या महिन्यात किती वेळा आठवलं असेल. कारण शब्द कळत नाहीत हे तू तेव्हापासून म्हणत होतीस, कान चांगले होते तेव्हापासून. मग पुढे कधी कान गेल्यामुळे शब्द कळेनासे झाले, ते मला कसं कळणार होतं? तुझी सवय आणि तुझं दुखणं एकमेकांत असं मिसळून गेलं की जोड दिसत नाही.

बाकीच्या गोष्टी मात्र आता एकेक करून समोर येतात. तू कायम माझ्या डाव्या हाताला बसायचीस. रिक्षातही. मी चुकून दुसऱ्या बाजूला बसले तर उठवायचीस, "सरक तिकडं, मला वारा लागतो." मला तो तुझा हट्ट वाटायचा. चांगला कान माझ्याकडे ठेवायचा होता तुला. फोन उचलायचीस तो नुसता "घरी ये, मग बोलू" म्हणायला. मला वाटायचं, तुला चहा करून पाजायचा असतो. आणि गाणं चालू असताना मी काही कुजबुजले तर बोट ओठावर ठेवायचीस. किती रसिक झाली वहिनी, असं मला वाटायचं. कुजबुज तुला ऐकूच येत नसेल.

मग तो द्राक्षबागेतला महोत्सव. पल्लवीने तिकिटं काढली होती, मनगटाला पट्ट्या बांधून आत सोडत होते. सगळी पंचविशीतली मुलं, गवतावर लोळणारी, आणि मंचावर चार जण गिटार आणि ढोल घेऊन असा दणका देत होते की माझं डोकं भणाणलं. मी शेवटच्या झाडाखाली जाऊन बसले. तू आधी वेलींच्या रांगेत शिरलीस. तिथल्या एका मुलाला पान उलटं करून दाखवत होतीस, "भुरी आलीय या बागेवर. मालकाला सांग, आजच सांग." तो बिचारा सरबतं वाटणारा, त्याला भुरी म्हणजे वेलीवरचा रोग, हेही ठाऊक नव्हतं. मग तू सरळ चालत जाऊन त्या माणसाएवढ्या स्पीकरच्या समोर गवतावर बसलीस, तळवे जमिनीला टेकवून. मी तुला ओढायला आले तर म्हणालीस, "थांब गं. जमिनीतून येतंय."

मला वाटलं, मजा करतेयस. परवा पल्लवी फोनवर म्हणाली, त्या दिवशी घरी गेल्यावर तू रडली होतीस. का, ते तिलाही सांगितलं नाहीस. आनंदाने की दुःखाने, हेही तिला कळलं नाही. तुला असं सांगणारी मीच पहिली असेन, पण रडायचं तर माणसाने थोडं स्पष्ट रडावं, वहिनी.

आता त्या भांडणाचं बोलते. आपण दोघींनी ते कधीच काढलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मैदानावरच्या महोत्सवाचा दुसरा दिवस, संध्याकाळची पहिली बैठक. ती तरुण गायिका आली होती जिच्यासाठी मी महिनाभर आधी पुढच्या जागा धरल्या होत्या. तिने मारवा गायला. सूर्य बुडताना, झाडांवर बगळे परतताना. तारसप्तकात तिने एक सूर लावला आणि धरून ठेवला, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या गाण्याच्या क्लासातल्या दोन मैत्रिणी मागे होत्या, त्यांचीही तीच गत. मध्यंतरात आम्ही चहाच्या टपरीपाशी उभ्या होतो. आणि तू म्हणालीस, "लय ताणत होती. दुखत असंल गळ्यात पोरीच्या."

मैत्रिणी एकमेकींकडे बघून हसल्या. वाईट हेतूने नव्हत्या हसल्या, पण हसल्या. आणि मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "वहिनी, तुला काय कळतं त्यातलं? द्राक्षांचं विचारलं तर सांग."

कागदी पेला चुरगाळून डब्यात टाकलास. दुसऱ्या बैठकीला माझ्या शेजारी बसलीस, रिक्षात बसलीस, पंचवटीत उतरताना नेहमीसारखं "पोचलीस की कळव" म्हणालीस. तिसऱ्या दिवशी आली नाहीस. मी एकटीच गेले आणि एकटीने ऐकायला किती छान वाटतं असं स्वतःला सांगत बसले.

चार महिने आपण नीट बोललो नाही. मी घरी यायचे, दादाशी गप्पा मारायचे, तू पोहे आणून ठेवायचीस. मग एका रविवारी सकाळी तू माझ्या फ्लॅटच्या दारात उभी. तीन मजले चढून आलेली, हातात गुंडाळलेली चटई. "ही घे," म्हणालीस. "तुझी ती सतरंजी टोचते. घाटावरच्या कार्यक्रमाला आता ही न्यायची." आत आलीस, पाणी प्यालीस, माझ्या कुंडीतल्या तुळशीला कीड लागली म्हणून मला ओरडलीस आणि गेलीस. झालं. माफी मागायला हवी होती ती मी. जिने चढायची वेळ तुझ्यावर आली.

मी तेव्हाही मागितली नाही. म्हटलं, विसरली असेल, आता कशाला उकरायचं.

आणि पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. त्यानंतर वर्षभराने, मी कॉलेजच्या ग्रंथालयात सकाळची वर्तमानपत्रं लावत होते. तिथे मी तीस वर्षं तेच करते, तुला माहीत आहे. एका पुरवणीत त्या गायिकेची मुलाखत होती. तिच्या स्वरयंत्रावर गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी आठ महिने आवाज बंद ठेवायला सांगितला होता. त्याआधी दोन वर्षं ती दुखऱ्या गळ्याने गात होती आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, गुरूंच्यासुद्धा, असं तिनेच सांगितलं होतं.

मी ती पुरवणी घडी घालून खालच्या गठ्ठ्यात सरकवली. ग्रंथालयातला अंक लपवणं हे माझ्या नोकरीत मी एकदाच केलं. संध्याकाळी तुझ्याकडे आले होते, आपण वालाच्या शेंगा मोडत बसलो होतो. तोंडाशी आलं होतं. वहिनी, तुझं बरोबर होतं, एवढंच तर म्हणायचं होतं. मी दादाच्या रक्तदाबाचं विचारलं.

त्या तेराव्याच्या दुपारी डबी हातात धरून बसल्यावर मला हे सगळं आठवलं आणि मी अजूनच गोंधळले. कारण हिशेबाने त्या संध्याकाळी तुझा कान अर्ध्याहून जास्त गेलेला होता. चार वर्षं शास्त्रोक्त शिकलेली मी, आणि माझ्या मैत्रिणी, आणि ती हजारभर माणसं, सगळ्यांचे कान शाबूत. आणि ते तुला कळलं. कशाने? तिच्या मानेच्या शिरा बघितल्यास? पाण्याची बाटली ती किती वेळा उचलते ते मोजलंस? की नुसतं सहज बोललीस आणि ते जुळलं?

मी पल्लवीच्या मागे लागून तुझ्या कानाच्या डॉक्टरांना फोन केला. सभ्य माणूस. म्हणाले, "खालचे स्वर त्यांना थोडेफार येत असावेत. वरचे नाही. पण नेमकं काय ऐकत होत्या ते आम्हाला यंत्रावरून सांगता येत नाही." मी विचारलं, मग मशीन का लावलं नाही? ते म्हणाले, बरेच जण लावत नाहीत. दादाने त्याचं कारण सांगितलं. तू एक आठवडा लावून पाहिलंस आणि म्हणालीस, सगळ्या जगाची भांडी एकदम आपटल्यासारखी वाटतात.

आता त्या संध्याकाळचा मारवा तर वरच्याच सुरांत रंगला होता. म्हणजे ज्या सुरावर मी रडले तो तुझ्यापर्यंत पोचलाच नसेल. पण मग गेल्या वर्षी घाटावर काय झालं होतं? पहाटेची मैफल, मागून घंटागाडीचं गाणं वाजत गेलं आणि सगळे वैतागले, तू सोडून. ती गाडी गेल्यावर दोन मिनिटांनी तू माझ्याकडे वाकून म्हणालीस, "तो डावीकडचा तंबोरा उतरलाय." मला काही जाणवलं नव्हतं. थोड्या वेळाने गायकाने हात वर करून थांबवलं आणि डावीकडचा तंबोरा मागून घेऊन जुळवला. तंबोऱ्याचा खर्ज खालचा, तो तुला येत असेल, हे मान्य. की गायकाने त्या तंबोरेवाल्या मुलीकडे टाकलेली नजर तू आधी पाहिलीस? प्रत्येक आठवण मी अशी दोन बाजूंनी धरून बघते आणि दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

दादाचं म्हणणं सोपं आहे. "ती गाण्याला कुठे जायची गं. घरातून चार तास सुटायला जायची." पल्लवी म्हणते, "आत्या, आईला तुझी सोबत आवडायची, बस." दोघांचंही खरं असेल. पण सुटायला जाणारं माणूस थंडीत पहाटे साडेचारला उठून स्वेटरवर शाल घेऊन पहिल्या रांगेत बसत नाही. आणि माझी सोबत म्हणशील तर मी मैफलीत कोणाशी बोलत नाही, मला आजूबाजूचं भान नसतं. माझ्या सोबतीत काय होतं?

पल्लवी पुण्याला निघाली त्या सकाळी तिला सोडायला मी स्टँडवर गेले. गाडी लागायची होती. मी तिला ते भांडण सांगितलं, आणि पुरवणीचंही. कोणाला तरी सांगायला हवं होतं. म्हटलं, "मी तुझ्या आईला सांगितलंच नाही गं, की ती बरोबर होती."

पल्लवीने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "आत्या, आईला माहीत होतं."

"काय?"

"ती मुलाखत. मी तेव्हा दिवाळीला आले होते, तिनेच मला वाचायला दिली. म्हणाली, बिचारी पोरगी. मी म्हटलं, आत्याला दाखव की, तुझं बरोबर होतं ना. तर म्हणाली, नको. मंजूला ती लय आवडते, तिला वाईट वाटंल. आणि तो कागद घेऊन तांदळाच्या डब्याच्या तळाशी घातला."

गाडी लागली. पल्लवी चढली, खिडकीतून हात हलवला. मी तिथेच बाकड्यावर बसून राहिले. एका बाईने विचारलं, कुठं जायचंय, घोटीची गाडी गेली आताच. मी म्हटलं, कुठेच नाही.

म्हणजे वहिनी, वालाच्या शेंगा मोडताना आपण दोघीही तीच बातमी दडवून बसलो होतो. मी माझा मान राहावा म्हणून. तू मला वाईट वाटू नये म्हणून. त्यानंतर दोन हिवाळे आपण एकाच चटईवर बसलो, आणि मी मनात म्हणायचे, बरं झालं हिला कळलं नाही. तू काय म्हणत होतीस मनात? मला हसत होतीस का? हसली असशील तर बरं वाटेल मला. नुसती माया केली असशील तर ती मला झेपत नाही.

तुझ्यावर रागही येतो, सांगून टाकते. तुला माझ्यावर एवढाच भरवसा होता? सांगितलं असतंस तर मी रडले असते, चार दिवस तुझं डोकं खाल्लं असतं, पण मग मी नेलं असतं. कदाचित. तू ते कदाचित घ्यायला तयार नव्हतीस. आणि मी तरी काय कानांची माणूस, सहा वर्षं डाव्या हाताला बसलेल्या बाईला ऐकू येत नाही, हे मला कळलं नाही. गाण्यातला श्रुतीचा फरक कळतो म्हणून मिरवते.

गेल्या रविवारी घाटावर पहाटेची मैफल होती. मी जाणार नव्हते. आदल्या दिवशी दादाचा फोन आला. थोडं इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "मी येऊ का उद्या?"

"कुठे?"

"तुम्ही जायचात तिथे."

माकडटोपी घालून आला. पायऱ्यांवर बसताना गुडघे धरून कण्हला. नदीवर धुकं होतं, समोरच्या काठावरच्या देवळातली घंटा मध्येच वाजत होती आणि ध्वनियंत्रणेचा माणूस "चेक, चेक" करत होता. गाणारी मुलगी वीस-बावीस वर्षांची, नवीन, मी नावही ऐकलं नव्हतं. तिने डोळे मिटून षड्ज लावला. दादा अस्वस्थपणे इकडेतिकडे बघत होता, लोक काय करतात ते बघून तसंच करायचा प्रयत्न करत होता. एका ठिकाणी कोणीतरी वाहवा म्हणालं तर यानेही मान हलवली, उशिरा. मला हसू आलं.

थोड्या वेळाने तो माझ्याकडे वाकला. कुजबुजत त्याला बोलता येत नाही, चार माणसं वळून बघायला लागली.

"बरी गाते का गं ही?"

एरवी माझ्याकडे उत्तर तयार असायचं. आवाज कसा, तालीम कोणाची, सूर कुठे निसटतो. आज मी आधी तिच्याकडे पाहिलं. ती मुलगी एका हाताने गुडघ्यावरचा ओढणीचा काठ घट्ट धरून गात होती. तो हात मी त्या क्षणापर्यंत पाहिला नव्हता.

"माहीत नाही, दादा," मी म्हटलं. "बघू या."

दादाने टोपी कानांवरून वर सरकवली, चष्मा काढून मफलरच्या टोकाने पुसला, परत लावला, आणि तिच्याकडे नीट बघायला लागला. मीही.